चाक हालवून बघ

डांबरी रस्ता फाट्यावर संपतो. तिथून वर घोंगडदऱ्याच्या वाडीपर्यंत नुसते दगड, चिखल आणि मधे आडवा चिंचओहोळ. एरवी वाडीचं दूध जालिंदरच्या जीपमधून फाट्यावर यायचं. जीप मोडल्यापासून तो कावडीनं कॅन खाली आणत होता आणि त्याची बायको चांगुणा लहान किटली डोक्यावर घेऊन, डाव्या हातानं सावरत त्याच्या मागून उतरत होती. तिचा उजवा हात प्लास्टरात होता, गळ्यात बांधलेल्या जुन्या धडप्यात. वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, तरी पावसाचं पाणी कुठून तरी आत जायचं आणि आतलं कातडं खाजत राहायचं.

दुधाच्या टेम्पोवाल्यानं कॅन मापून घेतले, मागच्या दाराला कडी घातली, आणि मग आठवल्यासारखं करून सीटखालून एक खोकं काढलं.

"जालिंदरभाऊ, ह्ये भीमराजनं दिलंय. म्हनला, दाजीस्नी सांग, माझ्याकडनं हाय. कुनाला तरी बोलवून बसवून घ्या."

जालिंदरनं खोकं हातात घेतलं. पावसानं त्याचा पुठ्ठा लगेच मऊ पडायला लागला.

"सोता न्हाई आला?" चांगुणानं विचारलं.

"गॅरेजात लई गर्दी हाय म्हनं," टेम्पोवाला तिच्या हाताकडं न बघता म्हणाला आणि त्यानं गाडी वळवली.

भीमराज चांगुणाचा पाठचा भाऊ. राजूरला जीपस्टँडासमोर त्याचं गॅरेज होतं. आई गेली तेव्हा तो रांगत होता. चांगुणाच त्याला काखेला मारून भाताच्या आवणीला न्यायची, बांधावर इरल्याखाली निजवायची आणि चिखलातून दर घटकेला मान वळवून बघायची. जालिंदरला जीप घ्यायला लावली ती त्यानंच. उन्हाळ्यात जीपच्या पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट बदलून दिले तेही त्यानंच. चाक ज्या गोळ्यावर वळतं आणि वरखाली होतं, तो हा जॉइंट. गाडीचा सगळा भार त्याच्यावर.

आणि आषाढात, ऐन आवणीच्या दिवसांत, तोच मोडला. जीप खताच्या गोण्या घेऊन वर येत होती. ओहोळाशी माणसं नेहमीसारखी उतरून पायी पलीकडं गेली. चांगुणा तेवढी पुढच्या सीटवर बसून राहिली, मांडीवर किराणा होता म्हणून. डावं चाक एका दगडावर चढलं आणि कोंबडीचा पाय मोडावा तसं आत दुमडलं. गाडीनं पाण्यात नाक घातलं. चांगुणानं हात पुढं टेकवला तो तिथंच मनगटात पिचला. वाटेतल्या खिंडीत, एका अंगाला दरी असताना, शाळेच्या पोरी भरलेल्या असताना हे झालं असतं तर काय, हे वाडीत कुणी तोंडानं बोललं नाही. पण त्यानंतर जीपकडं बघायची लोकांची नजर बदलली.

भीमराज बघायला आला नाही. पंचमीला न्यायलाही आला नाही. फक्त त्याचं बोलणं राजूरहून फिरत फिरत वर आलं: दाजींनी गोण्या जास्ती भरल्या.

घरी येऊन जालिंदरनं खोकं ओसरीवर ठेवलं. जीप दारातच होती, शेजारच्याच्या ट्रॅक्टरनं ओढत आणलेली, पुढचा भाग दगडांच्या चळतीवर टेकवलेला. चाकाच्या जागी निळा प्लास्टिकचा कागद बांधला होता आणि त्यात साठलेल्या पाण्यात डास झाले होते.

चांगुणानं दातानं चिकटपट्टी सोडवली. आत जोडी होती. चकचकीत चंदेरी, प्रत्येकावर पिवळं लेबल.

"ह्ये तेच हाईत," ती म्हणाली.

"आसतील."

"आसतील काय? तेच हाईत. ह्योच पिवळा कागद हुता. मी त्या दिवशी गॅरेजात बसलेली, मी बघितलाय."

जालिंदर उंबऱ्यावर बसून पायाच्या चिखल्या बघत होता. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. "चांगुणे, त्यानं आपन होऊन दिलंय. एक जॉइंट खराब निघाला म्हनून सगळे खराब निघत्यात व्हय? आन् नको म्हनून परत धाडलं तर त्याला काय वाटंल? तुला दुसरं कोन हाय तिकडं? बाप न्हाई, आई न्हाई. ह्यो एक दरवाजा हाय."

तो आपल्यासाठीच असं बोलतोय हे तिला कळत होतं. मोडलेल्या हाताबद्दल त्यानं मेहुण्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं, तेही तिच्याचसाठी. गेले कितीतरी दिवस तो पहाटे उठून भाकरीचं पीठ मळत होता, लेक दिशाच्या मदतीनं तिची साडी नेसून होईस्तोवर परसात जाऊन उभा राहत होता. एकदा पंगतीत ती डाव्या हातानं जेवायला लागली तेव्हा समोरची बाई तोंड फिरवून हसली, तर हा आपलं पान उचलून तिच्या शेजारी येऊन बसला होता.

"दिशा रोज ह्याच गाडीत बसून शाळेत जानार," चांगुणा म्हणाली. "तुमी बसवा, मग तिला मी बसू देनार न्हाई. वाडीतल्या एकाबी पोरीला बसू देनार न्हाई."

जालिंदरनं उठून खोकं मांडणीवर सर्वांत वर ठेवलं. "तुझा हात दाखवायला संगमनेरला जायचंच हाय. तिथं बघू."

*

संगमनेरच्या हाडाच्या डॉक्टरानं फोटो उजेडासमोर धरला. "थोडं वाकडं जुळलंय," तो म्हणाला. "प्लास्टर आणखी राहू द्या. काम काय करता?"

"शेतात."

"जड काही उचलायचं नाही. नंतरसुद्धा जपून."

नंतर म्हणजे कधीपर्यंत, हे तिनं विचारलं नाही. जालिंदर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चहा घ्यायचा का?" ती नको म्हणाली.

स्पेअर पार्टचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. काउंटरवर ड्रायव्हरांची, मेकॅनिकांची दाटी. मालक कल्याणशेठ चष्मा कपाळावर चढवून एकाच वेळी तिघांशी बोलत होता. चांगुणा पुढं झाली तसा तो म्हणाला, "मावशी, तुमी तिकडं बाकावर बसा. गर्दी हाय." ती बसली. जालिंदरनं गाडी सांगितली, मॉडेल सांगितलं.

"एकच द्या. डाव्या अंगाचा, खालचा."

"एक?" कल्याणशेठ म्हणाला. "गाडी चालती कुठं?"

"अकोले तालुक्यात वर. डोंगरात. पावसाळ्यात ओहोळातनंच चढायची, पुढच्या चाकांचा गिअर टाकून."

कल्याणशेठनं दुसऱ्यांना हातानं थांबवलं. आत जाऊन त्यानं दोन खोकी आणली आणि काउंटरवर मोकळी केली. "मग नीट ऐका. ह्यो एक. बंद जॉइंट. कारखान्यातनंच ग्रीस भरून मिटवलेला. डांबरी रस्त्याला ह्याच्यासारखा दुसरा न्हाई, काय बघायलाच नको. ह्यो दुसरा. अंग घडीव हाय, ओतीव न्हाई. उचलून बघा. खाली ह्ये निपल. ग्रीसगन लावली की नवं आत, चिखलाचं जुनं बाहेर."

"मंग ह्यो दुसराच भारी की," जालिंदर म्हणाला.

"भारी हाय. पन दर आठवड्याला ग्रीस मारलं तर. पाण्यातनं गाडी गेली की त्याच दिवशी मारायचं. न्हाई मारलं तर ह्यो त्या बंद जॉइंटच्या आधी जाईल. लोक नेत्यात, दोन महिने मारत्यात, मग इसरत्यात, आन् येऊन मलाच शिव्या देत्यात."

"आन् त्या बंदाचं काय वाईट?"

आवाज बाईचा म्हणून दोघं-तिघं वळून बघायला लागले. चांगुणा बाकावरून उठून काउंटरशी आली होती.

"वाईट कायच न्हाई, मावशी. फक्त रबर फाटला की संपलं. ह्ये बघा, गोळ्यावरची ही रबरी टोपी. तुमच्या वाटंला दगड हाईत, काटं हाईत. टोपी चिरली की आत चिखल जातो आन् वाळूनं दगड घासावा तसा गोळा घासतो. बाहेरनं कळत न्हाई. आत मारायला जागाच न्हाई तर ग्रीस मारनार कुठनं?"

तिनं डाव्या हातानं घडीव जॉइंट उचलला. हाताला भार लागला. अंगठ्यानं तिनं टोपी दाबली. जाड होती, दाबली तशी परत फुगली. मधला दांडा हलवायला गेली तर तो हलेना.

"ह्यो घट्ट हाय. बिघडलेला तर न्हाई?"

"नवा घट्टच पायजे. सहज फिरला तर समजायचं, आत पहिल्यापास्नंच मोकळी जागा हाय."

चांगुणानं पिशवीतून कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. मोडलेला जॉइंट. तिनं तो काउंटरवर ठेवला आणि शेजारी भीमराजनं पाठवलेल्या जोडीतला एक. नव्याचा दांडा तिच्या एका बोटानं गर्रकन फिरला.

कल्याणशेठनं चष्मा खाली घेतला. मोडक्याच्या आत त्यानं नख घातलं. पांढऱ्या प्लास्टिकची झिजून कागदासारखी झालेली चकती बाहेर आली. "ह्ये कुठनं घेतलं?"

"पावन्यांकडनं," जालिंदर म्हणाला.

"उन्हाळ्यात एक जन ह्यो माल गाडीत घालून फिरत हुता. निम्म्या भावात. माझ्याकडं आल्ता, मी दारातनंच परत पाठवला. नंतर कळलं, राजूरला कुनीतरी त्याचं सगळं खोकंच्या खोकं घेतलं." तो पुढं काहीतरी बोलणार होता, पण चांगुणाचा चेहरा बघून त्यानं विषय बदलला. "तर कुठला देऊ?"

"निपलाचा," चांगुणा म्हणाली. "आन् चारी द्या. खालचे बी, वरचे बी, दोन्ही अंगाचे."

जालिंदरनं तिला बाजूला घेतलं. "अगं, चार?"

"यंदा निंदनीला बायका सांगू नका, मजुरी वाचंल. मी आन् दिशा करू."

"तू? कोन्च्या हातानं?"

"एक हाय की."

कल्याणशेठनं चार खोकी बांधली, एक ग्रीसगन दिली. दांड्याचं नट आणि त्यातली पिन कशी घालायची तेही दाखवलं. "ही पिन इसरला तर बाकी सगळं फुकट," तो म्हणाला. तो आता जालिंदरकडं नाही, तिच्याकडं बघून बोलत होता.

*

एसटीत खिडकीशी बसल्यावर चांगुणा म्हणाली, "खोकंच्या खोकं."

"ऐकलं मी."

"आपली गाडी गॅरेजात हुती तवा शेजारी पुंजारामची पॅसिंजरची जीप वर चढवलेली. तिलाबी तेच बसवलं. मी बघितलंय."

जालिंदरनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "गप बस. आपली गाडी नीट झाली की बास. पुंजाराम काय लहान हाय? आवाज त्याला येत नसंल?"

"आपल्याला येत हुता की. दगडावर चाक गेलं की टक-टक व्हायचं. आपुन काय केलं? भीमानं बसवलंय, बसंल आपोआप, म्हनून गप राहिलो."

अकोलं मागं गेलं, भाताची खाचरं दिसायला लागली, आणि जालिंदर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू बोललीस तर त्याचं गॅरेज बसंल. जलमभर तुझं तोंड बघायचा न्हाई तो."

मोबाईलला रेंज फक्त देवळाच्या पाठच्या खडकावर मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा तिथं गेली. दिशानं नंबर लावून दिला आणि ती खाली उतरून थांबली. पलीकडं हातोड्याचे ठोके ऐकू येत होते.

"भीमा, मी बोलती."

"बोल ताई."

"ते जॉइंट आनखी कुनाकुनाच्या गाडीस्नी घातलेस?"

हातोडा थांबला. "कोन म्हनलं तुला?"

"मी इचारती."

"ताई, दाजीनं गोन्या भरल्या. ओहोळात दगडावर घातली गाडी. माझा माल खराब नव्हता. खराब आसता तर फिरून तोच पाठवला आसता व्हय मी?"

"त्येच मला कळंना. तोच का पाठवलास?"

बोलता बोलताच चांगुणाला कळलं. दुसरा पाठवला असता तर पहिला वाईट होता असं कबूल केल्यासारखं झालं असतं. तोच पुन्हा पाठवून त्यानं स्वतःचीच समजूत काढली होती.

"हात कसा हाय म्हनून एका शब्दानं इचारलं न्हाईस, भीमा."

"तू राजुरात येऊन कायबाय बोललीस ना ताई," त्याचा आवाज चिरकला, "तर माझ्या दारात एक गाडी उभी राहायची न्हाई. माधुरीला, पोरांला घिऊन मी कुठं जाऊ? तूच सांग." आणि फोन बंद झाला.

ती खडकावर तशीच बसून राहिली. पाऊस बारीक होता. खालून दिशानं हाक मारली, "आई, काय म्हनला मामा?"

"काय न्हाई. कामात हाय."

*

जीपचं काम जालिंदरनं दारातच काढलं. भीमराजच्या हाताखाली बघून बघून त्याला निम्मं येत होतं. उरलेलं निम्मं त्यानं शिव्या देत देत केलं. जुन्या जॉइंटचे बोल्ट गंजून धरले होते. पाना घसरला की त्याची बोटं लोखंडावर आपटायची. जॉइंटचा दांडा त्याच्या भोकात असा रुतला होता की ओढून निघेना. शेवटी एका बाजूला घणाचा आधार देऊन दुसऱ्या बाजूनं हातोडा घालायचा ठरलं. घण धरायला माणूस हवं होतं.

"मी धरते," चांगुणा म्हणाली.

"एका हातानं न्हाई जमायचं."

तिनं घणाचा दांडा डाव्या काखेत दाबला, गुडघा त्याला लावला आणि चिखलात बसली. प्रत्येक ठोक्याला हादरा खांद्यातून मोडक्या मनगटात जात होता. तिनं ओठ दातांत धरले. पाचवा-सहावा ठोका बसला आणि जॉइंटचा दांडा एकदम सुटून खाली पडला. जालिंदर उताणा होऊन हसायला लागला. पुष्कळ दिवसांनी तो हसत होता. मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू आवरलं.

चारही बसेपर्यंत दिवस मावळला. पिना चांगुणानं स्वतः बघितल्या, एकेक बोटानं चाचपून. मग तिनं ग्रीसगनचा दांडा मांडीनं दाबून धरला आणि डाव्या हातानं ग्रीस मारलं. टोपीच्या कडेनं पिवळसर ग्रीस बाहेर आलं तेव्हा थांबली. जालिंदरनं जॅकवर चाक उचललं, खाली पहार घातली आणि चाक उचकटून बघितलं. जराही हललं नाही.

"घे," तो म्हणाला. "आता खिंडीतनं न्यायला हरकत न्हाई."

"उद्या बाजार हाय," चांगुणा म्हणाली. "मीबी येती."

तिला कुठं जायचं होतं हे त्याला ठाऊक होतं. जॅक खाली घेताना तो एवढंच म्हणाला, "मी तुझ्या बाजूला हाय. पन बोलाया मला सांगू नको. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

*

सकाळी वाडीतली माणसं जीपभोवती जमली, पण लगेच कुणी बसेना. एक म्हातारी म्हणाली, "आगुदर तू बस चांगुणे." चांगुणा पुढं बसली, दिशा आणि शाळेच्या पोरी मागं चढल्या, मग बाकीचे. ओहोळाशी यावेळी कुणाला उतरायला लावायची गरज नव्हती, तरी सगळे उतरले. खिंडीत सगळे चाकाकडं कान लावून बसले होते. टकटक नव्हती.

राजूरला जीपस्टँडवर चिखल आणि गर्दी. पोरी शाळेकडं गेल्या. पुंजारामची गाडी पलीकडच्या खोऱ्याकडं जायला लागली होती. आत माणसं दाटीवाटीनं, मागच्या पायरीवर दोघं लटकलेले, टपावर तो स्वतः गोण्या बांधत होता. रस्त्याच्या पलीकडं भीमराजचं गॅरेज उघडं होतं.

चांगुणा पुंजारामच्या गाडीजवळ गेली. "पुंजारामभाऊ, लोकं उतरवा. चाक हालवून बघा."

"काय?"

"तुमच्या पुढच्या चाकाचं जॉइंट. आमच्या गाडीतबी तेच हुतं. ते मोडलं." तिनं प्लास्टर पुढं केलं.

पुंजारामनं टपावरूनच खाली बघितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असा तो हसला. "ताई, आज गाडी सुरू झाली का तुमची? मंग आमचं पॅसिंजर फोडायला आलासा व्हय?"

गाडीतली माणसं हसली. एक बाई म्हणाली, "आमाला उशीर हुतोय, सरका बाजूला." चांगुणाचे कान तापले. मागं जालिंदर आपल्या जीपच्या बॉनेटला टेकून खाली मान घालून उभा होता. इथून निघून जावं, असं तिच्या मनात आलं. पाऊलही वळलं होतं.

पण गाडीत दाराशी एक पोरगी बसली होती, काखेत बाळ. बाळाच्या डोक्यावर टोपरं होतं आणि ते दार धरायला हात पुढं करत होतं.

चांगुणानं रस्त्यापलीकडं बघितलं. भीमराज गॅरेजच्या दारात उभा होता. हातात काळं झालेलं फडकं. तो सगळं बघत होता, ऐकतही होता.

"भीमाऽ," तिनं हाक मारली. लहानपणी बांधावरून मारायची तशीच, पूर्ण घशानं. "जॅक आन."

स्टँडावरचे लोक त्याच्याकडं वळून बघायला लागले. भीमराज जागचा हलला नाही. मग पाठ फिरवून आत गेला. चांगुणाला वाटलं, आता शटर खाली येणार. पुंजाराम टपावरून उतरला आणि चावी फिरवायला पुढं गेला.

शटर खाली आलं नाही. खडखड आवाज करत लोखंडी चाकांचा जॅक बाहेर आला. भीमराज तो चिखलातून ओढत रस्ता ओलांडून आला. त्यानं बहिणीकडं बघितलं नाही, पुंजारामकडंही नाही. गाडीच्या नाकाखाली जॅक घातला, दांडा मारला, चाक जमिनीवरून सुटलं. जालिंदर कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्यानं गुमान पहार पुढं केली. भीमराजनं ती चाकाखाली घालून वर उचकटली.

टक.

चाक सगळ्यांना दिसेल एवढं उडालं. पुन्हा उचकटलं, पुन्हा तसंच. दाराशी बसलेली पोरगी बाळ छातीशी धरून खाली उतरली.

"उतरा सगळी," भीमराज म्हणाला. कुणी हललं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "उतरा. ही गाडी जायची न्हाई. मी बसवलेलं जॉइंट खराब हाईत."

पुंजारामनं त्याला आईवरून शिवी दिली. गाडीतल्या माणसांनी गलका केला, कुणी भाडं मागायला लागलं, कुणी गॅरेजवाल्याच्या नावानं बोटं मोडायला लागलं. भीमराजची बायको माधुरी गॅरेजच्या दाराशी येऊन उभी होती. तिनं चांगुणाकडं एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. भीमराज चिखलातच उताणा झाला आणि गाडीखाली सरकला. बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते, चप्पल एकाच पायात.

चांगुणा तिथंच उभी राहिली. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. तो तिच्याशी बोलेल अशी आशाही तिनं ठेवली नव्हती.

"ताई," गाडीखालून आवाज आला.

ती वाकली.

"रंगनाथची गाडी आत्ता यील. कोतूळच्या रस्त्यानं. भरून यील." पाना बोल्टवर वाजला. "त्याचे दोनी अंगाचे तेच हाईत. वळनावर आडव त्याला. उतारावर येऊ देऊ नगं."

चांगुणा स्टँडमधून बाहेर पडून वळणाकडं चालायला लागली, मग धावायला. प्लास्टर छातीवर आपटत होतं. वळणाच्या वर चढावर ती थांबली आणि धुक्यात बघत राहिली. आधी इंजिनाचा आवाज आला, मग पिवळे दिवे, मग गाडी. टपावर गोण्या, मागं माणसं लोंबकळत. चढ ओलांडून ती उताराला लागायच्या बेतात होती.

तिनं डावा हात वर केला. गाडीचा वेग कमी झाला नाही. रस्त्याच्या कडेला हात करणारं माणूस म्हणजे पॅसेंजर, आणि गाडीत जागा नव्हती. चांगुणानं गळ्यातल्या धडप्यातून उजवा हात ओढून काढला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर धरले. मनगटात कळ उठली ती डोळ्यांपर्यंत गेली. पावसात पांढरं प्लास्टर लांबून दिसलं असावं.

ब्रेक लागले. गाडी तिच्यापासून थोड्या अंतरावर, चढाच्या माथ्यावरच थांबली. रंगनाथनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो खवळला होता.

"ताई, मरायचंय का? काय झालं?"

चांगुणानं हात खाली घेतले नाहीत.

"लोकं उतरव, रंगनाथ," ती म्हणाली. "माझ्या भावानं सांगून पाठवलंय."